हर्षाच्या पट्ट्या आणि नत्थूची गाय

पुणे, ८ एप्रिल

ति. काकाजी व काकू यांस,
हर्षाचा शि. सा. न. वि. वि.

काल एक पार्सल पाठवलंय. त्यात सहा निळ्या आणि सहा लाल कागदी पट्ट्या आहेत, म्हशीचं दूध ओळखणाऱ्या. दुधात म्हशीचं थोडंही दूध असलं की पट्टीवर जांभळी रेघ उमटते. निव्वळ गाईचं असलं तर पट्टी कोरी राहते.

निळ्यांमध्ये नेहमीची अँटीबॉडी आहे, म्हणजे जनावराच्या रक्तातून मिळवलेलं, समोरची वस्तू ओळखणारं प्रथिन. फ्रीजबाहेर ते फार टिकत नाही. लाल माझ्या. उकळत्या झऱ्यात राहणारा एक जंतू असतो, त्याचं प्रथिन कितीही तापवलं तरी आकार सोडत नाही. त्यात बदल करून मी त्याला म्हशीच्या दुधाला चिकटायला शिकवलं. यात चार वर्षं गेली. आता खरी गरमी पाहिजे, और भिलाई से ज़्यादा गरमी कहाँ मिलेगी.

चाळीस दिवस पट्ट्या गच्चीवर पत्र्याच्या पेटीत ठेवा. काकू, औषध समजून फ्रीजमध्ये टाकू नका. मग दोन्ही रंगांच्या पट्ट्या शेजारच्या वसुंधराकाकूंच्या म्हशीच्या दुधात आणि तुमच्याकडे येणाऱ्या गाईच्या दुधात बुडवून बघा. निकाल सहीनिशी कागदावर पाठवा. माझ्या गाइड मॅडमना व्हॉट्सॲपचा पुरावा चालत नाही.

आशीर्वाद पार्सलने पाठवले तरी चालतील.

तुमची,
हर्षा


कोहका, भिलाई, २८ मे

चि. हर्षास अनेक आशीर्वाद.

ज्या माणसानं स्टील प्लांटात कोक ओव्हनच्या भट्टीवर चौतीस वर्षं काढली त्याले तू गरमी मोजायले सांगतलं, हे बरं केलं. दिवसातून तीनदा गच्चीवर जाऊन नोंद केली. दुपारी पेटीत अठ्ठावन्न डिग्रीवर काटा गेला. तुही काकू म्हणे, पट्ट्या टिकतील, तुमीच वितळून जाल.

निकाल असा. निळ्या पट्ट्या मेल्या, कशातच रेघ नाही. लाल पट्टी वसुंधराबाईच्या दुधात टाकली, तर झ्याक जांभळी रेघ. आपल्या घरच्या दुधात टाकली, तरी तशीच रेघ. रिटायर झाल्यापासून नऊ वर्षं मी फक्त गाईचं दूध पेतो, म्हशीच्या दुधानं डोकं मंद होते म्हणून. अन् जामुलचा आपला गवळी नत्थू मले म्हैस पाजून राहिला होता.

खात्री म्हणून चहा, दही अन् कढीतही एकेक पट्टी टाकली. सगळीकडे रेघ. मग गल्लीत सगळ्यायले सांगून टाकलं. चार घरांनी नत्थूचं दूध बंद केलं. दुसऱ्या दिवशी तो गायच घेऊन फाटकावर आला. म्हणे, साहेब, इथंच दोहतो, घाला तुमची पट्टी. पण पट्ट्या संपल्या होत्या. अर्धा तास आमी एकमेकांकडे पायत उभे राहिलो, तेवढ्यात गाईनं वसुंधराबाईचं जास्वंद खाऊन टाकलं.

तुह्या जंतूले माझा सलाम सांग.

तुझा काका,
मारोतराव


पुणे, ६ जून

ति. काकाजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची नोंदवही बघून मॅडम खूश झाल्या, निकाल बघून नाही. त्या म्हणतात, गाईच्या दुधातही रेघ आली म्हणजे गरमीने प्रथिन बिघडलं आणि आता ते कशालाही चिकटतं. हे प्रकरण प्रबंधातून काढायला सांगितलंय. त्यांचं चुकलं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही.

काकाजी, नत्थूकाकांचा काही दोष नसणार. दोष माझ्या पट्टीचा. त्यांची माफी मागाल का? दोन दिवस मला जेवण जात नाहीये.

माझ्यावरची माया आटू देऊ नका.

हर्षा


कोहका, ११ जून

चि. हर्षाले काकूचा आशीर्वाद.

फोनवर बोलता येत नाही, तुहे काका स्पीकर लावून ऐकतात. म्हणून लिहून राहिली.

पोरी, तुही पट्टी खरी आहे. त्या दुधात म्हैस होती. मीच टाकते.

नऊ वर्षांपूर्वी यायनं गाईच्या दुधाचं व्रत घेतलं अन् पहिल्याच चहाले म्हणाले, सिंधू, तुह्या हाताची चव गेली. मले लई लागलं. दुसऱ्या दिवशी मी वसुंधराकडून गिलासभर म्हशीचं दूध आणून मिसळलं. तर म्हणाले, पाय बरं, शुद्ध गाईचं दूध कसं दाट असते. मग कावून सांगू?

गच्चीवर तापलेल्या पट्ट्यांतली एक लाल मी लपवून ठेवली होती. काल नत्थू गल्लीत आला तवा त्याच्या कॅनमधूनच वाटीत दूध घेतलं, मिसळायच्या आधी, अन् पट्टी बुडवली. कोरी निघाली. सोबत पाठवते. वसुंधराची साक्षीदार म्हणून सही घेतली आहे, तिले सगळं माहीतच होतं.

हे पत्र मॅडमले दाखव. नत्थूचा चेहरा मले पायवत नाही, म्हणून यायलेही उद्या सांगीन. चहा पेल्यावर.

जेवत जा. घास गिळताना माझी आठवण ठेव.

तुझी काकू,
सिंधुताई


कोहका, २४ जून

चि. हर्षास अनेक आशीर्वाद.

तुही तार पोचली, म्हंजे फोन. प्रकरण राहिलं, मॅडमनं नव्या पट्ट्या मागवल्या, ऐकून ऊर भरून आला.

इथली हकीकत लिहितो. काकूनं सांगतल्यावर मी दोन दिवस निव्वळ गाईच्या दुधाचा चहा पेलो. मग बसनं जामुलले गेलो अन् नत्थूच्या दारात, गिऱ्हाईकायसमोर हात जोडले. तो म्हणे, साहेब, मी तर माफ केलं, पण ही बी तुमच्या फाटकावर उन्हात उभी होती. मग गाईचीही माफी मागितली. लोकं हासले. हासू दे. परत येऊन चारही घरी जाऊन सांगतलं, चूक माझी होती. तिघांनी दूध सुरू केलं, चौथ्याच्या मागे लागून आहे.

तिसऱ्या दिवशी काकूनं विचारलं, चहा कसा करू. मी गिलास घेतला अन् वसुंधराबाईकडे मीच गेलो.

गाइड मॅडमले नमस्कार, तुले पोटभर आशीर्वाद.

तुझा काका,
मारोतराव