गच्चीवर अनवाणी

प्रिय सिद्धव्वा,

परवा तुझ्याकडे आले, तेव्हा शेजारच्या बाईंना तू तुझ्या पायाची गोष्ट रंगवून सांगत होतीस. त्या हसत म्हणाल्या, "प्राध्यापक माणसं अशीच असतात की." माझ्या पोटात दुखलं बघ. सोलापुरात एप्रिलच्या भर दुपारी कुरडया उलटायला मी अनवाणी गच्चीवर गेले असते, तर मला येडी म्हणाले असते. तू गेलीस, वर अनवाणी चाललं की शुगर असलेल्यांच्या शिरा जाग्या होतात असं मलाच पटवून दिलंस, तर ती हुशारी. खाली आलीस तेव्हा तळव्यांना टरारून फोड आलेले. ते मी पाहिले. तुला दुखतसुद्धा नव्हतं.

लहानपणापासून हेच. चौथीनंतर माझी शाळा सुटली. तुझी सुटली नाही, कारण तू अप्पांशी वाद घातलास आणि मी नुसती रडले. पुढं तुझीच जुनी पुस्तकं वाचून मी चार अक्षरं जमवली, पण तुझं ते बोलणं काही जमलं नाही. दूध तू उतू घालवायचीस आणि असं काही सांगायचीस की अव्वा मलाच विचारायची, तू कुठं होतीस गं. लई जळायचे मी. अजून जळते, लपवून काय करू.

आता तोच वाद तू स्वतःच्या पायाशी घालतेस. जखम उघडी ठेवली की भरते म्हणालीस, मला पटलं. वास मलमाचा आहे म्हणालीस, तेही पटलं. माझा शिवकुमार एवढा डॉक्टर, पण फोन ठेवून म्हणाला, "मावशीशी बोललं की माझंच शिक्षण कच्चं वाटतं." माझ्यासारखीला कुणीही दटावून दवाखान्यात नेतं. तुला दटावणारं कोण आहे? एवढ्या एका बाबतीत मला तुझा हेवा वाटत नाही.

जखम भरतेय हे दाखवायला काल तू फोटो पाठवलास. आज सकाळी शिवकुमारनं तो मोठा करून पाहिला. अंगठा काळा पडलाय म्हणाला, आज नेलं तर पाय वाचेल. हे पत्र घेऊन तोच तुझ्या दारात उभा आहे. मी खाली गाडीत बसलेय. वर आले तर तू मला पटवशील, आणि मी तुझा चहा पिऊन घरी जाईन. त्याला काही समजावू नकोस. त्याच्या खांद्यावर हात टाक आणि खाली ये.

तुझीच,
ईरम्माक्का