विंगेतली द्वारका

रविवार, १६ जुलै २०००

पोचले एकदाची पुण्यात. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर कॉट मिळाली आहे, तीही खिडकीजवळची. मालकीणबाईंचं नाव श्यामलाकाकू. जिन्यात त्यांची पाटी आहे : 'चपला इथे काढाव्यात. हरवल्यास चर्चा करू नये.' मी वाचून हसले, तर म्हणाल्या, यात हसण्यासारखं काय आहे ते आम्हालाही कळू द्या. मला बाई फार आवडल्या.

उद्यापासून दिनक्रम असा. सकाळी साडेसात ते साडेनऊ कॉलेजात 'नाट्य आणि चित्रपट : प्राथमिक ओळख' हा तीन महिन्यांचा वर्ग, आणि दुपारी कर्वे रस्त्यावरच्या ऑफिसात टायपिंग. अमेरिकेतले डॉक्टर आपल्या पेशंटांबद्दल बोलून ठेवतात, ते आम्ही हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. ही नोकरी होती म्हणूनच बाबांनी सोडलं. दारव्ह्याच्या नगरपालिकेत तीस वर्षं कारकुनी करणारे आमचे बाबा, नागोराव, स्टँडवर मला म्हणाले, नाटकात गेलीच तं मेन पार्ट कर, झाड होऊन उभी नको राहू. मग चष्मा पुसत बसले. आईला जाऊन तीन वर्षं झाली, आता घरात ते एकटेच.

मेन पार्टच करणार आहे. बघाच तुम्ही.

मंगळवार, १८ जुलै

शिकवायला बाळ सर आहेत. पहिल्याच मिनिटाला सांगितलं की बाळ हे आडनाव आहे, त्यावर विनोद करून झालेले आहेत. मग म्हणाले, सिनेमात चूक कापता येते, नाटकात ती सगळ्यांदेखत निस्तरावी लागते, हा या अभ्यासक्रमाचा निम्मा भाग झाला. मी वहीत लिहून घेतलं. दोन मिनिटं उशिरा आलेल्या एका मुलाला त्यांनी दारातूनच परत पाठवला.

आणि मग वीस मिनिटांनी ऋचा आली, बोटात स्कूटीची किल्ली फिरवत. सर म्हणाले, या, आपलीच वाट पाहत होतो. मला वाटलं टोमणा आहे, म्हणून मी मनातल्या मनात खूश झाले. टोमणा नव्हता. वडिलांची सॉफ्टवेअर कंपनी, उन्हाळाभर अमेरिकेत, केस असे की वाऱ्यालाही तिच्याकडूनच पगार मिळत असावा. नाव ऋचा. माझं नाव आजीचं, द्वारका. हजेरीत ही दोन नावं पाठोपाठ येतात, तेव्हा माझ्या पोटात खरोखरच दुखतं.

सोमवार, ३१ जुलै

शेवटी जे नाटक करायचं त्याची निवड झाली. आई गेल्यावर रिकाम्या घरी परत आलेली मुलगी गेलेल्या आईशी बोलते, असं तासाभराचं नाटक सरांनी स्वतः लिहिलं आहे. बावीस पानं. मी बावीसच्या बावीस पाठ करून गेले. ऋचा कागद हातात धरून वाचत होती आणि तोही तिनं उलटा धरला होता असं मी म्हणणार होते, पण ते खोटं आहे. चांगलं वाचलं तिनं.

सर मला म्हणाले, आपलं पाठांतर उत्तम, उच्चार मात्र ऐकवत नाहीत. चौदा वेळा 'पानी' म्हणालात, मी मोजलं. तेव्हा विंगेत बसा, प्रॉम्प्टिंग करा. सगळे हसले. ऋचा हसली नाही, उलट मला सॉरी म्हणाली. त्यानं तर अंगाचा तिळपापड झाला.

घरी आले आणि बाबांना पत्र लिहिलं : मेन पार्ट मलाच मिळाला. पोस्टात टाकलंही. आता लाज वाटते आहे, पण पत्र पोचलं की ते गावभर वाचून दाखवणार.

बुधवार, ९ ऑगस्ट

प्रॉम्प्टरचं काम वाटतं तेवढं फुसकं नाही. विंगेत स्टुलावर बसायचं, नट अडखळला की वाक्याचे पहिले दोनतीन शब्द श्वासावर सोडायचे. प्रेक्षकांना ऐकू जाता कामा नये, नटाला गेलंच पाहिजे. सर म्हणाले, हे शिकायला वर्ष लागतं, आपल्याला कसं येतं?

मला आईमुळे येतं. आई कपडे शिवायची आणि ओठांत टाचण्या धरून बोलायची. बाही धर, दिवा लाव, भात उतरव, सगळं दात न उघडता. शेजारणींना काही कळायचं नाही. मला मात्र शब्द न् शब्द कळायचा, आणि मीही तिला तसंच उत्तर द्यायची. संध्याकाळी जमिनीवर पडलेल्या टाचण्या मी तळहातानं चाचपून वेचायची. एकदा एक रुतली तर आईनं माझा तळहात तिच्या गालाला लावून धरला होता. सरांना हे सांगितलं नाही. त्यांना काय करायचं आहे.

ऋचा पाठ करून येतच नाही. आहे ना द्वारका, म्हणते.

गुरुवार, १७ ऑगस्ट

आज मी एक हलकटपणा केला.

तिसऱ्या प्रवेशात ऋचा अडली. वाक्य होतं, 'आई, तुझ्या खोलीला कुलूप का?' मला काय झालं कोण जाणे. गेले पंधरा दिवस तिच्या कौतुकानं माझे कान किटले आहेत. मी श्वासावर सोडलं, 'आई, ओठांतल्या टाचण्या काढ.' वेड्यासारखं काहीतरी बोलेल, सर फाडून खातील, एवढाच हिशोब.

तिनं ते वाक्य घेतलं. पापणीही लवली नाही. आणि थांबली नाही. मी न दिलेलं बोलत सुटली. मशीन, बाही, दात न उघडता मारलेली हाक, जमिनीवरच्या टाचण्या. मग समोर न दिसणाऱ्या बाईच्या ओठांतून तिनं एकेक टाचणी काढली आणि स्वतःचा तळहात त्या बाईच्या गालाला लावला.

सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, हे ठेवा. कुठून आलं ते विचारलं नाही.

मी हे कुणालाही कधी सांगितलेलं नाही. तिला कसं कळलं?

सोमवार, २१ ऑगस्ट

बूथवरून बाबांना फोन केला. पाटलांची सून मशीन मागते आहे, देऊ का म्हणाले. मी विचारलं, कोणतं मशीन?

म्हणाले, तुह्या मायचं वं, टाचण्या तूच तं वेचून देत जाय. मी हसण्यावारी नेलं.

घरी येऊन ९ ऑगस्टचं पान उघडलं. अक्षर माझं आहे. मजकूर कुणा दुसरीच्या आईबद्दल आहे. डोळे मिटून आठवायला जाते तर ऋचाचा हात दिसतो, टाचण्या काढणारा.

शुक्रवार, २५ ऑगस्ट

खात्री करून घेतली. तालमीत ती अडली तेव्हा मुद्दाम एक किरकोळ गोष्ट दिली, आमच्या शाळेतल्या चिंचेच्या झाडाची. देण्याआधी ती एका कागदावर लिहून ठेवली होती. रात्री वाचली. असं झाड मला माहीत नाही.

विंगेतून मी माझं जे देते ते तिचं होतं, आणि माझ्याकडून जातं. इतकं सरळ आहे.

तर मग देऊ नये. पण आज त्या चिंचेवर वर्गानं टाळ्या वाजवल्या. माझ्या चिंचेवर. एरवी माझं काय कोण ऐकणार होतं? दोन मिनिटं मला वाटलं, रंगमंचावर मीच आहे.

सोमवार, ४ सप्टेंबर

ऋचा आता 'पानी' म्हणते. 'कोन' म्हणते. सर खुर्चीतून उठून उभे राहिले आणि म्हणाले, अस्सल, याला म्हणतात भूमिकेत शिरणं. ज्या बोलीपायी मला विंगेत बसवलं त्याच बोलीचं तिच्या तोंडून कौतुक. मी रडले नाही. नखं तळहातात रुतवून बसले.

तालमीनंतर सरांकडे गेले, सगळं सांगितलं. म्हणाले, प्रॉम्प्टर संहितेबाहेरचं बोलला तर त्याला काढून टाकतात, तेव्हा असं काही घडलेलं नाही.

बाबांचं पत्र आलं आहे. २४ तारखेच्या प्रयोगाला येणार, रजेचा अर्ज दिला. गावातून पहिलीच पोरगी स्टेजवर, असं लिहिलं आहे. त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

गुरुवार, १४ सप्टेंबर

चित्रपटाच्या तासाला सरांनी आमच्या कालच्या तालमीचं हँडीकॅमवरचं चित्रण टीव्हीवर लावलं. कॅमेरा बाजूला होता, त्यामुळे ती आणि विंगेतली मी, दोघी एकाच चौकटीत.

मी आधी बोलायला हवी ना? ती नंतर. ओठ एकदम हलताहेत. दोघींचे. प्रत्येक शब्दाला. मी काल काहीच द्यायचं नाही असं ठरवून बसले होते. तोंड मिटून बसले होते असं मला आठवतं.

सगळे तिच्याकडे बघत होते. चौकटीत आणखी कुणी आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मंगळवार, १९ सप्टेंबर

काय काय गेलं याची यादी करायला बसले. करता येत नाही. गेलेलं कसं लिहिणार?

दारव्हा हे गावाचं नाव आहे, पत्रावर आहे म्हणून कळतं. घराचं दार कोणत्या दिशेला, माहीत नाही.

सोडून जावं. पण मग त्या स्टुलावर दुसरी कुणी बसेल. माझं सगळं घेऊन ती तिथं उजेडात उभी राहणार आणि मी ऐकायलाही नसणार — नाही. ते मला सोसणार नाही.

एक गोष्ट राखून ठेवली आहे. बाबा. बाबांबद्दल एक अक्षर अजून विंगेत मनात आणलेलं नाही. बाकीचं घे म्हणावं. बाबा द्यायचे नाहीत.

रविवार, २४ सप्टेंबर, सकाळी

बाबा आले. कॉलेजच्या फाटकापाशी भेटले. पांढरी टोपी, तपकिरी पिशवी, डावा गुडघा दुखतो म्हणून जरा लंगडत. तिसऱ्या रांगेत बसवलं. मेन पार्ट माझा नाही हे सांगायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, जाय, तयारी कर, मी हाओ इथंच. सांगितलं नाही.

प्रयोग संपला की पाया पडेन आणि खरं सांगेन. मग त्यांच्याबरोबर सरळ घरी. वही स्टुलाखाली ठेवते. तोंडात रुमाल कोंबून बसणार आहे.

साडेदहा वाजले. पहिली घंटा.

२४, दुपारी

झाला प्रयोग.

शेवटच्या प्रवेशात ती अडली. खरीखुरी. विंगेकडे बघत उभी राहिली. मी गप्प. पडू दे म्हटलं तोंडावर, सगळ्यांदेखत.

पण लोकांना तेही आवडलं. तिचं नुसतं गप्प राहणं. मागं कुणीतरी हुंदका दिला. आडात पडली असती तरी वाहवाच झाली असती. तिचं गप्प राहणंसुद्धा — ते तरी माझं होतं, मीच गप्प बसले होते ना —

रुमाल काढला. एक वाक्य दिलं. फक्त ते माझं आहे हे तिला कळावं म्हणून. कोणतं वाक्य, ते आता

मग ती पुढं आली, तिसऱ्या रांगेकडे बघत बोलली. तिथले एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले.

टाळ्या. खूप.

वहीत सकाळचं लिहिलं आहे, बाबा आले, प्रयोग संपला की पाया पडायचं. म्हणून विंगेच्या दाराशी थांबले. माझ्याकडे कुणी आलं नाही.

ते गृहस्थ आले. पांढरी टोपी, पिशवी. लंगडत होते. मी वाटेत उभी होते. सरका जरा ताई, म्हणाले, अगदी नम्रपणे. आणि ऋचाच्या डोक्यावर हात ठेवून रडायला लागले. द्वारके, म्हणाले तिला. चाल वं घरी. ती म्हणाली, आलीच बाबा.

सर बघत होते. सर टाळ्या वाजवत होते.

स्कूटी तिची. पार्ट तिचा. आणि बापही असा. इतक्या लांबून आलेला. तिची पर्स त्यांनी आपल्या पिशवीत ठेवली, ओझं नको म्हणून. माझ्या पोटात इतकं कधी दुखलं नव्हतं. मला न्यायला कुणी का

अजून फाटकापाशीच आहेत दोघं. गुडघा धरून उभे आहेत ते. जाऊन विचारावं त्यांना. परके आहेत, पण माणूस चांगला दिसतो. नाही म्हणणार नाहीत. म्हणावं, काका, माझ्याही डोक्यावर एकदा —