सहावी पाकळी

रविवार, संध्याकाळ

सुलभाच्या सुरुवातीच्या चित्रांचं संग्रहालय आज पाहिलं. माझी वर्गमैत्रीण, आता केवढी मोठी चित्रकार! काचेखाली तिची शाळेतली जीवशास्त्राची वही, उघडं पान जास्वंदाचं. ते फूल माझ्या हातचं. तिला आकृत्यांचा कंटाळा, म्हणून मीच काढून द्यायचे. घाईत सहा पाकळ्या झाल्या होत्या. त्याभोवती जीवशास्त्र शिकवणाऱ्या सिस्टरचं लाल वर्तुळ अजून आहे.

"सहावी पाकळी ही कलावंताची कल्पना," तिथला माहितगार म्हणाला.

धाकटी बहीण कुजबुजली, "सांग ना वं ताई त्याले, काहून गप्प राहिली?"

नाही सांगितलं. हेच पान उघडं ठेवा, असं सुलभानेच बजावलंय म्हणे. म्हणजे तिला आठवतं? की तिलाही ते आपलंच वाटतं? तिचा नंबर आहे माझ्याकडे. घरी येऊन कुंडीतल्या जास्वंदाच्या पाकळ्या तेवढ्या मोजल्या. पाच.