डाव्या हाताशी ग्लास

सोमवार
नवी लाँड्री झकास आहे. इस्त्रीचं टेबल खिडकीशी, राहायला वर खोली, आणि मालक कमी बोलतो. मला असलीच माणसं लागतात. दारू सोडवायच्या दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय, तलफ आली की तिच्याआधी काय पाहिलं, काय ऐकलं ते लिहा. तलफ येते ती येते, तिला काय मुहूर्त लागतो? पण लिहिते. रविवारी लेक नातीला घेऊन येणार. तोंडाला वास आला तर नात पुन्हा दिसणार नाही, असं ठणकावून गेलीय. माझीच लेक ती.

मंगळवार
ओल्या कापडावर इस्त्री चर्रकन फिरली आणि तोंडाला पाणी सुटलं. जुन्या दुकानात उजव्या हातात इस्त्री असायची, डाव्या हाताशी पाणी शिंपडायचा स्टीलचा ग्लास. त्यात पाणी नसायचं. कुणाच्या बापाला कळलं नाही. बाई म्हणाल्या, मग ग्लासच नको. मालकाकडून फवाऱ्याची बाटली मागून घेतली. मिटलं.

गुरुवार
टेबलावर ग्लास! घड्या घालणारीला झापलं. ती म्हणते, मावशी, सकाळी तुम्हीच तर आणलात. खोटारडी. वास घेतला, साधं पाणी. ग्लास कचऱ्यात टाकला.

शुक्रवार
ग्लास परत आलाय. डाव्या बाजूलाच. शर्टावर इस्त्री ठेवली तर वाफ आली ती दारूची. गिऱ्हाईक बोंबललं. मालकानं माझं तोंड हुंगलं, म्हणाला तुला तर वास नाही. मग शर्टाला कुठून आला? मी प्यायले नाही. नातीची शप्पथ.

शनिवार
कोपऱ्यावरचा दारूवाला कपडे टाकायला आला. विचारतो, काय मावशी, आज पण तेवढीच का? मी त्याच्या दुकानाची पायरी चढलेली नाही. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तलफ डोक्याच्या आधी हाताला कळते, हात कामात ठेवा.
डाव्या बोटांना वास येतोय. साबणानं घासली. जात नाही —

रविवार
डावा हात पदरानं खाटेला बांधलाय. गाठ दातांनी आवळली. ग्लास खिडकीत आहे. भरलेला. मी उठलेच नव्हते —
लेक जिन्यात आली. नात आज्जी आज्जी करतेय. कडी आतून लावलीय, कुणी लावली —
उजवा हात कामात आहे. लिहितेय. लिहीत राहायचं. खिडकीत ग्लास नाही —
गाठ सुटलीय. डावा कुठे — ओठांना गार