दम दे, दम धर

बा,

तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाय, तेव्हा आपल्या दोघांत पत्राचं काम जरा अवघडच आहे. मी सांगते आणि नात लिहिते. ती म्हणाली, "आजी, वर काहीतरी मायना लागतो." मी म्हणाले, "मायना घातला तर तो दुसऱ्या कुणाचं समजून बाजूला ठेवील. नुसतं बा लिही." मी बोलेन ते सगळं लिहायचं, तिला नावं ठेवली तरी लिहायचं, अशी अट घातली आहे. व्हय म्हणाली. आता ती खरंच लिहिते का कागदावर रांगोळी काढते, ते मला कसं कळणार? पण पेनाचा आवाज येतोय. मी खोकले तरी येतोय.

पिशोरहून, आपल्या गावाहून, परत आल्यापासून मला आपली भट्टी सारखी दिसते. दुपारी जरा डोळा लागला की मी भात्यावर बसलेली असते. कवठाच्या झाडाची सावली, तुझी पाठ माझ्याकडं, तोंड विस्तवाकडं. कोळसे आधी काळे, मग डाळिंबाच्या दाण्यासारखे, मग असे पिवळे की बघवत नाय. तू माझ्याशी दिवसभरात दोनच शब्द बोलतोस. दम दे म्हणजे भाता ओढ. दम धर म्हणजे थांब, लोखंड झालं. बाकीचं जग दम देतं म्हणजे धमकावतं, आणि दम धर म्हणतं म्हणजे धीर धर म्हणतं, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊकच नव्हतं. सासरी पहिल्याच सकाळी सासू म्हणाली, "दम धर गं, एवढी काय घाई," आणि मी चुलीवर पाणी ओतून जाळ विझवून टाकला. आधण वर तसंच. सासूला वाटलं, सून रुसली. तिला समजावून सांगेपर्यंत पाव्हण्यांचा चहा राहिला.

एकदा तू दम धर म्हणालास आणि मी तंद्रीत ओढतच राहिले. धावेतनं, म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी बसते तिच्यातनं, पांढऱ्या ठिणग्या उडायला लागल्या. मला फुलबाज्याच वाटल्या. तू धाव विस्तवातून काढलीस, बघितलीस आणि बाजूला टाकलीस. ओरडला नाहीस. म्हणालास, "जळलेलं लोखंड कशाला लागत नाय. दम कुणीबी देतं, पोरी. धरता आला पाहिजे." तुझं माझ्याशी झालेलं सगळ्यात मोठं भाषण ते. आणि नव्या चाकांना धाव बसली की गाडी आपल्या रानाच्या टेकावर चढवून बघायचास. "रिकामी गाडी कुणीबी चढवतं," म्हणत मला उचलून आत ठेवायचास. मी वाटेतल्या बायकांना हात करायची. मला वाटायचं, बाप लेकीला मिरवतोय. मोठी झाल्यावर कळलं, मी नुसती वजन होते.

आता गाडीचं सांगते. बजाजनगरात आमच्या घरामागं पत्र्याची शेड आहे. माझ्या लेकानं, म्हणजे तुझ्या नातवानं, वाळूजच्या कंपनीत जन्म काढला आणि शेडमध्ये जुनं सामान भरलं. त्यातच ह्या लिहिणाऱ्या पोरीनं जागा केली. पेट्यांमधून एक गाडी आली, सगळी सुटी सुटी, नळ्या, पत्रे, चाकं, दोन खुर्च्या. तिनं ती जमिनीवर रुखवतासारखी मांडली आणि जोडायला बसली. सोबत तिची मैत्रीण. तिचे अब्बा शहरात रेडिएटर दुरुस्त करतात आणि पोरगी नळीला नळी अशी जोडते की सांधा बोटाला लागत नाय. गाडी झाली केवढी, तर बाळंतिणीच्या बाजेएवढी. आणि तिला इंजिन बसवलं मोटरसायकलचं. का, तर हलकं असतं आणि लई जोरात फिरतं. फक्त त्याला मागं जायचा गिअर नाय. मी म्हणाले, "म्हणजे आमच्या घराण्यावर गेलंय."

दिवाळीत ती टेम्पोत घालून पिशोरला नेली होती. रस्त्यावर कागदांशिवाय काढता येत नाय, आपल्या रानात मात्र कोण विचारतं. पोरगी एकटी बसली तर टेकावर चढली. मैत्रीण शेजारी बसली तर इंजिन निम्म्यात धापा टाकायला लागलं. तेव्हापासून दोघींच्या डोक्यात टर्बो शिरला. मला समजावून सांगितलं. इंजिनातून जो गरम धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक पंखा फिरवायचा. त्या पंख्याला दुसरा जोडायचा, आणि दुसऱ्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, पेट्रोल जास्त, जाळ जास्त. म्हणजे इंजिन आपल्याच उसाशावर आपला भाता ओढतं! मी म्हणाले, "अगं, मी आयुष्यभर उसासे नुसते सोडून दिले. त्याच्यावर एखादी पिठाची गिरणी चालली असती." पण नुसती हवा कोंबून भागत नाय म्हणे. इंजिन फुटतं. आधी आतली जागा थोडी वाढवावी लागते, तेल फिरवावं लागतं, हवा जास्त झाली तर सोडून द्यायला झडप लागते. मला वाटलं, आता माझी गरज पडणार. तू लग्नात दिलेली लोखंडी फुंकणी फळीवरून काढली, चिंचेनं घासली आणि शेडमध्ये घेऊन गेले. मैत्रिणीनं ती दोन्ही हातांनी घेतली, एका डोळ्यानं आरपार बघितली आणि मला परत दिली. "दादी, लई नाजूक है. इसका काम नक्को." मी फुंकणी पदराखाली घेऊन परत आले. तुझा फक्त एक माल तिथं खपला, बा, तुझे शब्द. मी सांगितलेली भट्टीची गोष्ट त्या पोरींनी उचलली. चाचणी घेताना एक ओरडते, "दम दे," की दुसरी पाय दाबते. "दम धर" म्हणलं की पाय वर.

लेकाला हे सगळं पटत नव्हतं. त्यानं पोरीसाठी कंपनीच्या ऑफिसात जागा बघून ठेवलेली. पोरीला त्याच शेडमध्ये वर्कशॉप टाकायचं. रोज जेवताना तेच, भाकरी गार होईस्तोवर. शेवटी तो म्हणाला, "दोन माणसं बसवून टेकावर चढव. चढली तर शेड तुझी. नाय चढली तर गाडी सुटी करायची, आणि मुकाट्यानं माझ्यासंग साहेबांना भेटायला यायचं." पोरगी म्हणाली, "दुसरं माणूस कोण? ही माझी मैत्रीण तर खाली पाहिजे, चाकाला दगड लावायला." दोघी माझ्याकडं बघायच्या आधीच मी म्हणाले, "मी. ह्या घरात वजन म्हणून बसायचा अनुभव फक्त मला आहे."

तर मागच्या रविवारी निघालो. गाडी टेम्पोत, आम्ही टेम्पोत, लेक मोटरसायकलवर पुढं. वेरूळ आलं तेव्हा धुकं नुकतं उठत होतं, डोंगर अर्धा होता आणि अर्धा नव्हता. त्या लेणी कोरणाऱ्यांनी डोंगर वरून खाली आणला म्हणतात. आमची पोरगी खालून वर निघालेली. तिला हात जोडायला सांगितले तर म्हणाली, "आजी, माझे हात तेलकट आहेत." मग तिचे पण मीच जोडले.

टेक तसंच आहे, बा. खाली आल्याचे वाफे, वर मक्याची ताटं, आणि मधे ती लाल वाट. मैत्रिणीनं माझं लुगडं चहूकडून खोचलं, डोक्यावर पदर आणि पदरावर ती टोपली घातली, ते हेल्मेट. मग पट्ट्यांनी मला झोळीतल्या पोरासारखं बांधलं. बूड जमिनीपासून वीतभर. चिखलातला बेडूक जसं जग बघतो तसं दिसत होतं. वर लेक हाताची घडी घालून उभा. पोरीनं पाय दाबला. इंजिन आधी घोगरं बोललं, मग चढ लागला, आणि माझ्या कानामागून एक शीळ आली. आधी बारीक, मग लांब, मग थांबेचना. ती पंख्याची शीळ. मी शेडमध्ये कितीदा ऐकलेली. पण तिथं, त्या टेकावर, ती तुझ्या छातीतली होती. माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, "दम धर, दम धर!"

आणि पोरीनं पाय वर घेतला.

शीळ बसली. गाडी दोन हात पुढं गेली, थांबली आणि मागं सरकायला लागली. "दादी, हिलो नक्को!" करत मैत्रीण धावली आणि चाकामागं दगड सारले. मागचा गिअर नाय, म्हणून गाडी धरून धरून, नवरीला उंबऱ्यावरून उतरवावं तशी खाली आणली. पोरगी गुडघ्यावर बसून माझे पट्टे सोडत होती. हळूच म्हणाली, "आजी, तू दम धर म्हणालीस ना?" "व्हय." "म्हणून मी पाय काढला." तिच्या नाकावरून घाम का काय ते ओघळत होतं. मी म्हणाले, "अगं, मी माझ्या मनाला सांगत होते, धीर धर म्हणून." ते खरं नव्हतं. मी तुला सांगत होते.

तू गेलास त्या सकाळी मी सासरहून आले तेव्हा तुझी बाज भात्याजवळ टाकलेली होती. भट्टी गार. तुझ्या छातीत हीच शीळ, आत जाताना बारीक, बाहेर येताना लांब. मी तुझा हात हातात घेतला. कातडं असं की विस्तवानंच शिवलेलं. आणि मी म्हणाले, "दम धर, बा. दम धर." मी तोवर चार माणसांत राहून चार माणसांसारखं बोलायला शिकले होते. पण तू भट्टीतला. लोखंड झालं की जसा वळून बघायचास तसं माझ्याकडं बघितलंस, आणि शीळ थांबली. जन्मात कुणाचं ऐकलं नाहीस, बा. आईचं नाय, गिऱ्हाइकाचं नाय. नेमकं त्याच दिवशी लेकीचं ऐकायचं होतं?

लेक खाली आला. "झालं समाधान? चला, घाला टेम्पोत." पोरगी उठली आणि खरंच टेम्पोची फळी काढायला गेली. मी डोक्यावरची टोपली न काढता त्याच्यासमोर उभी राहिले. म्हणाले, "थांब. तुझा आजा म्हणायचा, पहिला चढ चाकाचा, दुसरा माणसाचा. पहिल्या चढाला धाव बसते, दुसऱ्याला चालते. पहिल्या चढावर त्यानं कधी कुणाची गाडी नापास केली नाय." लेक म्हणाला, "आई, तुझा बाप मेल्यापासून लई बोलायला लागलाय." मग वर जाता जाता पाठमोराच म्हणाला, "एकदाच. परत नाय."

पोरगी म्हणाली, "आजी, ह्यावेळी तू काहीच बोलू नकोस." मी पदराचा बोळा दातांत धरला. पुन्हा इंजिन घोगरं, पुन्हा चढ. आल्याचा वास, तापलेल्या तेलाचा वास. लाल वाट अंगावर येते आहे आणि मी लहान होते आहे, टोपलीएवढी, धावेएवढी. मघाची जागा आली, दगड तिथंच पडलेले. शीळ आली. बारीक, मग लांब. बोळा कधी सुटला कळलं नाय. "दम दे," मी म्हणाले. "दम दे, बा. दे दम!" पोरीनं पाय आधीच खाली नेला होता का माझं ऐकून नेला, तिला विचारलं तर नुसती हसते. मागनं कुणीतरी हातानं ढकलावं तशी गाडी गेली. आभाळ खाली आलं, वाट सपाट झाली, आणि लेक उडी मारून मक्यात.

तो बाहेर आला, अंगावरचं तूस झटकलं, गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला आणि चटका बसून काढला. बराच वेळ बोटं फुंकत उभा राहिला. मग पोरीला म्हणाला, "शेडमधलं माझं सामान कधी हलवू?" खालून मैत्रीण दोन्ही हात वर करून पळत येत होती, आणि माझे पट्टे सोडायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

आता शेडवर बोर्ड लागलाय. निळ्यावर पिवळी अक्षरं, पोरीनं प्रत्येक अक्षरावर माझं बोट फिरवून दाखवलं. पहिला चढ चाकाचा, दुसरा माणसाचा. खाली लिहिलंय, पणजोबा. येणारे जाणारे वाचतात. एकानं तर फोटो काढून नेला. लेक कंपनीत सांगतो, आमचे आजोबा असं म्हणायचे. हे पत्र तुला पाठवायचं नाय ते त्या बोर्डामुळं. तू तिथंही कुणाकडून तरी वाचून घेशील आणि विचारशील, मी कधी म्हणालो असं? हे बघ, पेन थांबलं. पोरगी माझ्याकडं बघतेय. "आजी, बोर्ड लागलाय गं!" लिही म्हणलं, अट आहे. तू असं कधीच म्हणाला नव्हतास, बा. तू पहिल्या चढावर अडलेल्या गाडीची चाकं तिथल्या तिथं काढून घ्यायचास. ते मी रचलं, टेकाच्या पायथ्याशी, डोक्यावर ती टोपली असताना, उभ्या उभ्या.