अकरा नंबरचा टॅब

४ सप्टेंबर, सोमवार
कल चाचणीचे निकाल आले. आठवीची पोरं – चौदा वर्षांची – आणि पुढचं सगळं छापून हातात! टॅबवर ऐंशी प्रश्न, चाळीस मिनिटं, झालं. 'तंत्र' आलेल्यांना नव्या प्रयोगशाळेत रोज दोन तास. 'सेवा' आलेल्यांना संभाषणकला.
नावं वाचली, कागद वाटले. काही वाटलं नाही. हल्ली वाटतच नाही.

५ सप्टेंबर
शिवणवाल्या ताईंची मुलगी 'सेवा'त. गेल्या वर्षी वर्गातला प्रोजेक्टर हिनेच उघडून चालू केला होता. मी मागून ओरडतेय, "अगं, हात लावू नकोस!"
आज कागदाची घडी करून दप्तरात टाकली.
"काही विचारायचंय का?"
"नाही बाई. टॅबला कळतच असेल ना."

७ सप्टेंबर
डबा उघडला होता का, आठवत नाही.

८ सप्टेंबर, शुक्रवार
तिची आई आली. "बाई, ही माझं शिलाई मशीन खोलते अन् जोडते. आणि हिला आता 'या, बसा' म्हणायला शिकवणार? तेवढं तर मीच शिकवलंय की!"
हसायला हवं होतं. म्हटलं, बघते. हे गेल्यापासून मी सगळ्यांना 'बघते' म्हणते आणि बघत नाही.
आज का कोण जाणे, शाळा सुटल्यावर टॅबचं कपाट उघडलं. तिचा टॅब अकरा नंबरचा. चाचणी लावली. 'मला वस्तू उघडून बघायला आवडतं.' पर्याय चार – अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. 'खूप' दाबलं. ढिम्म! पुन्हा दाबलं. तीस सेकंद झाले, प्रश्न आपोआप पुढे सरकला. गुण शून्य.
पडद्याचा तो कोपराच मेलेला! म्हणजे जे सगळ्यात जास्त आवडतं, नेमकं त्यालाच शून्य.
चार तुकड्या, त्या टॅबवर चौघं. चौघंही 'सेवा'.

११ सप्टेंबर, सोमवार
मुख्याध्यापकांना सांगितलं. डोक्याला हात लावला त्यांनी. "निकाल वरपर्यंत गेलेत, बाई! आता चार पोरांसाठी सगळं उकरायचं? बरं, तपासणीची वही आणा. टॅब तपासले कोणी ते तरी कळू दे."
म्हटलं, आणते.

१२ सप्टेंबर
वही सापडली. १४ ऑगस्ट. '१ ते ४० – चालू, ठीक.' खाली सही.
माझी.
हे जाऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते. मी कपाट उघडलंच नव्हतं. खुर्चीत बसून एका दमात चाळीस खुणा केल्या. सही मात्र काय सुबक!
वहीसमोर बसून राहिले. एक पान – फाडलं तर कुणाला कळणार होतं?

१३ सप्टेंबर
वही सरांच्या टेबलावर ठेवली. "सही माझी आहे. न तपासता केली."
सर हळूच म्हणाले, "तुमच्यावर काय कोसळलं होतं, ठाऊक आहे सगळ्यांना. झाकली मूठ राहू द्या, बाई."
नको म्हटलं. तिथेच बसून लेखी दिलं. माझी चौकशी होईल. चौघांची चाचणी सोमवारी पुन्हा – हे मात्र त्यांच्याकडून कागदावर घेतलं.
घरी आले. दिवा न लावता बसले. भीती वाटायला हवी होती बहुतेक.

१४ सप्टेंबर
चौघांना बोलावून सांगितलं – टॅब बिघडलेला होता, चूक माझी. तिघं एकदम ओरडले, "तरीच!" ती आपल्या बोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाई, माझं बोट चुकत नव्हतं?"
मी रडले. तिथेच, चौघांसमोर. हे गेले तेव्हाही रडले नव्हते.