मूर्तिजापूरनंतरची थरथर

१० नोव्हें., सोमवार. अकोला
आजही तेच. मूर्तिजापूर मागे पडलं की गाडी थरथरायला लागते. आधी स्टेअरिंग, मग सीट, मग माझी दाढ. मांडीवरच्या बाटलीतलं पाणी नुसतं नाचत होतं.
बाबा म्हणाले, "रस्ता तसाच हाये." रस्ता नवा आहे. तसं म्हटलं तर म्हणाले, "तुले लहानपणापासून सगळंच हालल्यासारखं वाटते."
हे खरं आहे. मी गॅस बंद आहे का ते तीनदा पाहते. पण बाटली?

१२ नोव्हें.
ही गाडी वकीलसाहेबांची. लाल, बुटकी, दोन दारांची, जुनी स्पोर्ट्स कार. बाबांनी आयुष्यभर साहेबांची ड्रायव्हरी केली. साहेब गेल्यावर बाईंनी गाडी बाबांना देऊन टाकली. शेजारच्या काकू रोज विचारतात, "यात बसाव का झोपाव वो?"
आता बाबांची एकच सवारी, मी. सोमवारी अकोल्याला सोडायचं, शुक्रवारी आणायचं. बसने जाते म्हटलं की जेवत नाहीत.

१५, शनि. अमरावती
रफीकचाचांच्या गॅरेजात. चाचांनी स्वतः बडनेऱ्यापर्यंत चालवून आणली, मी बाजूला. काही नाही. चाकं हलवून पाहिली, बॅलन्सिंग केलं. "एकदम मख्खन हाये बेटा."
बाबा हसले. मला बरं वाटायला हवं होतं.

१७, सोम. अकोला
पुन्हा. आणि आज वासही, करपल्यासारखा. बाबा म्हणाले कोणी कचरा जाळून राह्यलं. ऑफिसमध्ये मातीचे नमुने चाळताना बोटं अजून थरथरल्यासारखी वाटत होती. म्हणजे थरथर माझीच...
चाचांना फोन केला, वासाचं सांगितलं. गाडी तापल्यावरच होतं, हेही. ते म्हणाले, ब्रेक खोलून पाहू.

२२, शनि. अमरावती
पुढची चाकं काढली. ब्रेकच्या डिस्क निळ्या पडल्यात, तापून वाकल्यात. चाचा म्हणाले, "ब्रेकवर पाय ठेवून कोन चालवते?"
बाबा लगेच माझ्याकडे बोट दाखवून, "हे. शिकून राह्यली न आता."
चाचा: "भाऊची पोरगी अन् असं चालवते? नाक कापलं तू तं!" सगळे हसले. मीही.
मी दोनच रविवार चालवलीय, तीही मैदानात. तरी दुपारभर आठवत बसले. ठेवला असेल का पाय? ठेवलाच असेल. नव्या डिस्क बसवल्या.

२३, रवि.
आत्याकडे चांदूर बाजारला गेलो. बाबा चालवत होते. मी रस्ता पाहिलाच नाही. त्यांचा पाय पाहत होते.
डाव्या पायाचा पंजा क्लचवरून सरकून ब्रेकवर आला होता. दाबलेला नाही, नुसता ठेवलेला, झोपलेल्या माणसाच्या हातासारखा.
"बाबा, पाय ब्रेकवर हाये तुमचा."
"नाही हाये वं."
खाली न पाहता म्हणाले. खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.
आत्याने अंगणात पायावर पाणी घातलं आणि ओरडली, "दादा, हे काय रुतलं?" टाचेत बाभळीचा काटा, अख्खा. भोवती रक्त वाळून काळं झालेलं. कधीचा, कोण जाणे. बाबा त्या पायाकडे पाहत होते, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखे.
येताना मी चालवते म्हटलं. "हायवेवर नाही," म्हणाले. पूर्ण वाट मी "बाबा, पाय" म्हणत आले. प्रत्येक वेळी त्यांनी उचलला. प्रत्येक वेळी तो परत तिथेच.

२४, सोम.
दोन दिवसांची रजा टाकली. डॉक्टरकडे. शुगर खूप वाढलेली, किती दिवसांची ठाऊक नाही. पायांच्या नसा गेल्यात.
डॉक्टरांनी बाबांना डोळे मिटायला लावले. तळव्याला बारीक दोरा लावतो, लागला की हो म्हणा. बाबा म्हणाले "हो". मग परत "हो". डॉक्टरांचा हात बाजूलाच होता. बाबा अंदाजाने म्हणत होते, शाळेत न गेलेला माणूस परीक्षेला बसल्यासारखे, उत्तर चुकू नये म्हणून.
मी भिंतीकडे पाहिलं.
गाडी चालवायची नाही, असं डॉक्टर मला इंग्रजीत म्हणाले. घरात इंग्रजी कळणारी मी एकटी. बाहेर बाबांनी विचारलं, "काय म्हने?"
"गोळ्या दिल्या."

२५, मंगळ.
आज सांगितलं. आईसमोर, जेवण संपता संपता.
बाबा म्हणाले, "रफीकने डिस्क बदलल्या न? आता काहून नाही?"
मी पुन्हा सांगितलं. डिस्कचा दोष नव्हता, पायाला कळतच नाही.
"म्हनजे मीच जाळल्या?"
मग, "अन् रफीकसमोर तुयं नाव घेतलं मी."
एवढंच. त्यांना त्याचंच लागलं. आई म्हणाली, जाऊ द्या ना. ते उठून बाहेर ओट्यावर बसले. मी हजार गोष्टी बोलायच्या ठरवल्या होत्या, लोकांचा जीव, त्यांचा जीव. एकही बोलले नाही.
नंतर आत येऊन म्हणाले, "साहेब बाजूच्या सीटवर झोपत जात. नागपूरपर्यंत डोळा उघडत नसे त्याहिचा." आणि हात धुवायला गेले.

२६, बुध.
सकाळ. आज अकोल्याला जायलाच हवं. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. आई माझ्याकडे पाहते, मी आईकडे. काल ऐकलं नाही का? की ऐकलं, आणि तरी?
"उशीर होते वं," असं खालून दोनदा झालं. इंजिन सुरू आहे. खिडकीतून दिसतं, ते उजव्या बाजूलाच बसलेत, दोन्ही हात स्टेअरिंगवर. काच पुसून ठेवलीय.
मी अजून चप्पल घातलेली नाही. घालते. खाली जाऊन त्यांच्याच दाराशी उभी राहणार आहे, माझ्या नाही. ते सरकले तर मी हायवेवर पहिल्यांदा चालवीन. नाही सरकले तर दार धरून तिथेच उभी राहीन.